वारीआधी घरातल्या थोरांच्या पायाची नखं बघा

आळंदीत राहणाऱ्या आणि आळंदीला येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांचे पाय एकदा चांगल्या उजेडात बघा. तळव्याच्या भेगा तर बघाच, पण त्याआधी नखं बघा. अंगठ्याचं नख जाड झालंय का, पिवळट किंवा तपकिरी पडलंय का, खालून भुसा निघतोय का, नख वर उचललं गेलंय का, वाकडं होऊन शेजारच्या बोटावर चढलंय का? एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. असं काही दिसलं तर ‘वय झालं की व्हायचंच’ असं म्हणून विषय सोडू नका. वयानं नख जाड होतं हे खरं आहे. पण ते बोटाबाहेर जाऊन मांसात रुतेपर्यंत वाढतं, कारण मधली कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलेलं नसतं.

हे होतं कसं ते आधी सांगतो. नख मुळाशी तयार होतं आणि पुढे सरकत राहतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम एक ते दीड. पायाच्या अंगठ्याचं अख्खं नख नव्यानं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. वय वाढतं तशी ही वाढ आणखी मंदावते, पण नख थरावर थर चढून जाड होत जातं. आकार न बिघडता नख नुसतं जाड झालं तर डॉक्टर त्याला ऑनिकॉक्सिस म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऑनिकोग्रायफोसिस. यात नखाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वेगानं वाढते आणि नख मेंढ्याच्या शिंगासारखं पीळ घेत वळतं. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. ‘नख जाड होऊन वाकलंय, चालताना दुखतं’ एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना पुरतं.

कारणं अनेक आहेत, आणि बहुतेकांच्या पायांत दोन-तीन एकत्र असतात. वर्षानुवर्षं नख न काढणं, अंगठ्याला कधीकाळी लागलेला मार, पुढे चिंचोळी असलेली चप्पल किंवा बूट, पायाचा कमी झालेला रक्तपुरवठा, मधुमेह, सोरायसिस आणि बुरशी. तरी पहिलं कारण पहिलंच ठेवलं पाहिजे. म्हातारपणी पायापर्यंत हात पोचत नाही. गुडघा वाकत नाही, कंबर धरते, मोतीबिंदूमुळे दिसत नाही. त्यातून नख एकदा जाड झालं की घरातल्या नेलकटरच्या तोंडात ते मावतच नाही. एकदा प्रयत्न होतो, दुखतं, रक्त येतं, मग पुन्हा कुणी हात लावत नाही. शनिवारी काढायची नाहीत, एकादशीला नाहीत, दिवेलागणीनंतर नाहीत, हे नियम ज्यांना पाळायचे त्यांनी जरूर पाळावेत. उरलेल्या दिवसांतली सकाळ त्यासाठी भरपूर झाली.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. म्हातारी माणसं संकोचतात. सुनेला, जावयाला, नातवाला ‘माझ्या पायाची नखं काढून दे’ असं सांगणं त्यांना जड जातं. नख ओंगळ दिसतं म्हणून आजी पाय नऊवारीत ओढून घेतात, बाबा धोतराचा काठ पायावर सोडतात. आळंदीत आपण दिवसातून दहा वेळा ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पाया पडतो, माउली म्हणतो. ज्या पायांना आपण हात लावतो त्या पायांकडे बघितलं मात्र जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

इंद्रायणीकाठच्या एका धर्मशाळेत एक आजी भेटल्या. चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकायच्या. गुडघा दुखतो म्हणायच्या, त्याला तेलही लावायच्या. पाय धुवायला बसवलं तेव्हा दिसलं की अंगठ्याचं नख वळून दुसऱ्या बोटाच्या वरच्या बाजूला टेकलं होतं. जिथे टेकलं होतं तिथे कातडीला खड्डा पडला होता, कडा पांढऱ्या आणि भिजलेल्या. नखाची जाडी माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा थोडीच कमी असेल. चप्पल घातली की नख दाबलं जायचं, म्हणून त्यांनी चपलेचा पुढचा पट्टा कापून टाकला होता आणि जुन्या लुगड्याची चिंधी बोटांमध्ये अडकवली होती. किती दिवसांपासून असं आहे विचारलं तर म्हणाल्या, ‘हे गेले त्याच्या आधीपासून.’ दवाखान्यात नख मऊ करून थोडं थोडं झिजवलं. आजी उठून चालल्या तेव्हा पाय सरळ पडत होता. गुडघ्याचं अर्धं दुखणं त्या नखाचं होतं. अंगठा दुखतो म्हणून माणूस पाय वाकडा टाकतो, मग गुडघा आणि कंबर भरून येते आणि तोल जातो. या वयात तोल जाणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती.

खरी धास्ती मात्र मधुमेहाची आहे. जाड नख चपलेत दाबलं गेलं की खालचं मांस चेपतं आणि नखाखाली जखम होते. वरून काहीच दिसत नाही, कारण नख तिच्यावर झाकण घालून बसलेलं असतं. शुगर फार वर्षं वाढलेली असेल तर पायाच्या नसा बधिर होतात आणि दुखतही नाही. अशा माणसाच्या पायातून चप्पल निसटून मागे राहिली तरी त्याला कळत नाही. नखाच्या कडेला पू, मोज्यावर किंवा अंथरुणावर डाग, वास, बोट काळं-निळं पडणं, पाय लाल होऊन सुजणं, थंडी वाजून ताप येणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘वारी झाल्यावर बघू’ म्हणत दुखणं अंगावर काढू नका. मधुमेहात बोट किंवा पाय कापावा लागतो त्याची सुरुवात बऱ्याचदा अशा एखाद्या छोट्या जखमेतूनच झालेली असते. शुगर कधी तपासलीच नसेल तर जाड नख हेच तपासणीचं निमित्त करा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

आता घरी काय करता येतं ते. पाय बधिर नसेल, जखम नसेल, मधुमेह नसेल आणि नख फक्त जरा जाड असेल, तर घरी काढता येतं. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाणी किती गरम आहे ते ज्यांचे पाय आहेत त्यांनी नाही, तुम्ही कोपर बुडवून बघा. पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. साधं नेलकटर नको, जाड नखांसाठी पक्कडीसारखं मोठं नेलकटर मिळतं ते आणा. टोकापासून तांदळाएवढे छोटे छोटे तुकडे काढत जा. एका दणक्यात सगळं नख काढायला गेलात तर ते उभं चिरतं. काप सरळ ठेवा, कडा खोल कोरू नका, नाहीतर नख मांसात वाढतं आणि नखुरडं होतं. मग नखांच्या खरखरीत फाइलनं वरून झिजवा. एका बैठकीत काम पुरं झालं नाही तर आठ दिवसांनी पुन्हा बसा. वर्षानुवर्षांचं साचलेलं एका सकाळी निघत नाही.

ब्लेड वापरू नका. सुरी, कात्री, कानस हेही नको. न्हाव्याच्या नरणीनं नखं काढायची जुनी पद्धत आहे आणि चांगल्या कारागिराचा हात घरच्यांपेक्षा हलका असतो, हे मी मान्य करतो. पण एकच नरणी सगळ्यांना लागत असेल आणि मध्ये रक्त आलं असेल, तर त्यातून कावीळ ब आणि क पसरू शकते. स्वतःची नरणी किंवा नेलकटर घेऊन जा. घरातही प्रत्येकाचं नेलकटर वेगळं हवं, विशेषतः कुणाच्या नखाला बुरशी असेल तर. मधुमेहींनी कॉर्न कॅपसारख्या आम्ल लावलेल्या पट्ट्या पायाला लावू नयेत, त्यानं चांगली कातडीही जळते.

डॉक्टरांकडे यापेक्षा सोपे उपाय आहेत, म्हणून तर तिकडे जा म्हणतो. 40 टक्के युरियाचं मलम नखावर लावून वर पट्टी बांधतात, काही दिवसांत नख मऊ पडतं आणि फारसं न दुखता निघतं. मशीननं नख घासून पातळ करता येतं. अगदीच बिघडलेलं असेल तर बोट बधिर करून नख काढतात, आणि पुन्हा तसंच वाढू नये म्हणून मुळाला औषध लावतात. त्याआधी बोटापर्यंत रक्त नीट पोचतंय का ते बघावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही. आळंदी आणि चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितलं तर पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून गाठता येतं. नेमकं कोणत्या वारी कोणते डॉक्टर असतात ते आधी विचारून घ्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दोनदा हेलपाटा पडत नाही.

बुरशीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे वारी पावसात असते. भिजलेले पाय, चिखल, ओले मोजे, यामुळे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलते, खाज येते, आग होते. ती बुरशी तिथेच सोडली की नखाच्या कडेनं आत शिरते. मग नख पिवळं, जाड, ठिसूळ होतं. बिघडलेल्या नखांमध्ये साधारण निम्मी नखं बुरशीनं बिघडलेली असतात, निम्मी नसतात. म्हणून दिसलं जाड नख की दे बुरशीची गोळी, हे बरोबर नाही. नखाचा तुकडा किंवा खालचा भुसा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, बुरशी दिसली तरच गोळ्या सुरू करतात. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनसारखी गोळी साधारण तीन महिने घ्यावी लागते, यकृताची तपासणी करून आणि तुमच्या बाकीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून. औषध संपल्यावरही नख लगेच चांगलं दिसत नाही. ते दीड वर्षं हळूहळू मुळाकडून चांगलं येत जातं. हे माहीत नसल्यामुळे ‘औषधानं काही फरक नाही’ म्हणत पुष्कळ लोक मध्येच सोडतात. मेडिकलमधून खाजेची ट्यूब मागून आणून लावत बसू नका. त्यांतल्या कित्येकांमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आणखी फोफावते. हळद, चुना, तंबाखू नखाखाली भरू नका.

आतापर्यंत थोरांबद्दल बोललो. पण मरकळ रोडवर, चाकणच्या एमआयडीसीत, निघोजे, कुरुळी, महाळुंगे भागात खोली करून राहणाऱ्या तरुण मुलांनीही मोजे काढून बघावं. सेफ्टी शूजची पुढची टोपी लोखंडी असते आणि ती हवीच, तिच्यामुळे बोटं वाचतात. पण बूट एक नंबर लहान असेल तर पावलागणिक अंगठा त्या लोखंडावर आपटतो. बारा-बारा तास, महिन्यामागून महिने असा मार बसला की नखाचं मूळ दुखावतं आणि नख कायमचं जाड आणि वाकडं येऊ लागतं. स्टोअरमधून जो नंबर हातात येईल तो घालून दिवस काढू नका, बदलून मागा. कंत्राटी असलात तरी मागा, सुरक्षेची साधनं मापात मिळणं हा तुमचा हक्क आहे. शिफ्ट संपताना पाय थोडे सुजलेले असतात, बूट तेव्हा घालून बघावा आणि पुढे अंगठ्याएवढी जागा उरते का ते पाहावं. सुती मोज्यांचे दोन-तीन जोड ठेवा, ओला जोड दुसऱ्या दिवशी घालू नका. नखाखाली मारानं रक्त साकळलं असेल तर तो काळा डाग नखाबरोबर महिन्या-महिन्यानं पुढे सरकतो. तो सरकत नसेल, किंवा मार न लागताच एखाद्या नखात काळा पट्टा आला आणि रुंद होत चालला, तर डॉक्टरांना दाखवा. क्वचित तो त्वचेच्या कर्करोगाचा असतो.

हाताची नखं मोठी आणि फुगीर दिसू लागली तर मात्र गोष्ट वेगळी. बोटांची टोकं गोल फुगतात आणि नख घुमटासारखं वर येतं, त्याला क्लबिंग म्हणतात. दोन्ही हातांची तर्जनी नखाला नख लावून समोरासमोर धरा. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ शॅमरॉथ यांनी 1976 मध्ये ही साधी खूण जगाला दाखवली. फट दिसत नसेल तर नेलकटर बाजूला ठेवा आणि छातीची तपासणी करून घ्या, कारण हे फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. बिडी ओढणाऱ्यांनी, फार दिवस खोकला असणाऱ्यांनी तर नक्कीच. नखं पिवळी, जाड होऊन वाढणंच थांबलं आणि सोबत पाय सुजून दम लागत असेल, तरीही तेच करा.

जन्मापासून एखाद्या मुलाचं एकच बोट आणि त्याचं नख बाकीच्यांपेक्षा मोठं असतं. त्या नखाला मॅक्रोनिकिया म्हणतात. बोटाची अतिवाढ हे त्याचं कारण असू शकतं. म्हणून लहानपणीच बालरोगतज्ज्ञांना आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं, लग्न ठरण्याच्या वेळी काळजी सुरू करू नये. दुसरा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, पॅकिओनिकिया कन्जेनिटा. यादासोन आणि लेवांडोव्हस्की या डॉक्टरांनी 1906 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात नखं बहुतेकदा बालपणीच जाड होऊ लागतात आणि तळव्यांना इतक्या वेदनादायक घट्ट्या पडतात की मूल टाचा टेकवायला घाबरतं. असं मूल आळशी नाही, नाटकीही नाही. त्याला शाळेत उन्हात उभं करू नका, एवढं शिक्षकांना कुणीतरी सांगायला हवं.

मोठी नखं म्हटलं की पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांचं नाव निघतंच. त्यांनी डाव्या हाताची नखं 1952 पासून 2018 पर्यंत कापली नाहीत. पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरच्या वर गेली, गिनीज बुकात नाव आलं, आणि 11 जुलै 2018 ला न्यूयॉर्कमध्ये मशीननं ती कापली. त्यांचं नख हा आजार नव्हता, तो त्यांचा निश्चय होता. पण अखेरीस त्या हाताची मिटलेली बोटं उघडेनात, हे त्यांच्या बाबतीत जाहीरपणे नोंदलं गेलं आहे. स्वतःहून, जपून वाढवलेल्या निरोगी नखांनीही हात अडतो. मग नकळत वाढलेल्या, दुखऱ्या नखांनी सत्तरीतल्या माणसाचा पाय किती अडत असेल!

आता वेळेचा हिशोब. कार्तिक वद्य एकादशीला लाखो माणसं आळंदीत येतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी पंढरपूरकडे निघते. मध्ये जवळपास सात महिने मिळतात. बुरशीच्या गोळ्यांचे तीन महिने, नख टप्प्याटप्प्यानं पातळ करण्याचे दोन-तीन महिने आणि नवीन चप्पल पायात बसवण्याचा काही काळ, हे सगळं त्यात बसतं. पालखीच्या आदल्या रात्री नखाला हात लावाल तर रक्ताळलेला अंगठा घेऊन सुमारे अडीचशे किलोमीटर चालावं लागेल, त्यात पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा लांब टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामातच लागतो. अनवाणी चालण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांना मी चपला घाला म्हणणार नाही. पण मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील, तर नेम सोडण्याबद्दल आपल्या महाराजांशी बोला. ते नक्कीच समजून घेतील.

दिंडीच्या विणेकऱ्यांना आणि आळंदीतल्या धर्मशाळांच्या व्यवस्थापकांना माझं मागणं असं: वारीत दाढी-कटिंगची, मालिशची, चपला शिवण्याची सेवा लोक आनंदानं करतात. तशी नखांची एक बैठक चैत्रात ठेवा. एक टब, एक बादली कोमट पाणी, स्वच्छ पंचे, मोठी दोन-तीन नेलकटरं आणि ती प्रत्येक वेळी वीस मिनिटं उकळून घेण्यासाठी एक पातेलं, एवढ्यावर काम होतं. शुगर असलेल्यांची नखं तिथे काढू नका, त्यांची नावं वेगळी लिहून घ्या आणि एका गाडीतून सगळ्यांना दवाखान्यात न्या. आजींना चारचौघांत पाय पुढे करायला लाज वाटते, म्हणून बायकांसाठी पडद्याआड वेगळी जागा ठेवा आणि तिथे बायकाच बसवा.